शकीलमास्तरांची जळजळ

कळसाडीला भिला पाटलांच्या पुतणीचं लग्न होतं. नवरदेव मारुतीला नारळ फोडून मांडवाकडे निघाला होता. वैशाखातली दुपार. पोरं घामाने निथळत नाचत होती, बायका डोक्यावर पदर ओढून मागून चालत होत्या, आणि बँडच्या गाडीवर, दोन भोंग्यांच्या मधल्या जागेत उभे राहून शकीलमास्तर ट्रंपेट वाजवत होते. अक्कलकुव्याचा गुलिस्तान बँड म्हणजे शकीलमास्तर, हे शहादा-तळोद्यापर्यंत कुणालाही विचारा. गाण्यात एक जागा अशी येते की तिथे सूर वर चढवून तसाच धरून ठेवायचा आणि नाचणाऱ्यांनी हात वर करून थांबायचं. मास्तरांनी श्वास भरला, पोट आवळलं, सूर चढवला आणि नेमकं तेव्हाच पोटातून काहीतरी कढत, आंबट घशापर्यंत वर आलं.

सूर फाटला. फार नाही, चालत्या गाडीचं चाक दगडावरून उतरावं एवढंच. मास्तरांनी ते पाणी गिळलं. डोळे भरून आले, घसा आतून खरवडल्यासारखा झाला. गाडीच्या पुढे चालणाऱ्या जुबेरने मागे वळूनही न बघता आपल्या ट्रंपेटवर तोच सूर उचलला आणि गाणं पुढे नेलं. जुबेर म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, बँडमधला दुसरा वाजवणारा. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. भिला पाटलांना मात्र कळलं. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नात हाच बाजा वाजत आला होता.

पंगतीला पाटील मुद्दाम मास्तरांच्या शेजारी येऊन बसले.

"मास्तर, काय व्हयनं? आज तुमना सूर फाटना."

"काई नई पाटील, ऊन शे," मास्तर म्हणाले. गावोगावी वाजवून त्यांची अहिराणी पाटलांइतकीच सफाईदार झाली होती.

"ऊन तं दरसाल ऱ्हास," पाटील म्हणाले आणि वाढणाऱ्याला हाक मारून त्यांनी मास्तरांच्या पत्रावळीत आणखी बट्टी घालायला लावली. "जेवा पोटभर. उपाशीपोटी फुकाले लागस म्हनीसन असं व्हस."

तुपात भिजलेली बट्टी, वरण, वांग्याची घोटलेली भाजी. मास्तरांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायची सवयच नव्हती. लग्नघरचं जेवण नाकारलं तर यजमानाला वाईट वाटतं, हे बँडवाल्यांच्या घरात मुलं बोलायच्या आधी शिकतात. ते जेवले. उठताना त्यांनी अंगातल्या लाल कोटावरचा रुंद चामडी पट्टा पुन्हा एका भोकाने आवळला, कारण परतीच्या वाटेवर खापर गावात आणखी एक वरात होती.

हा पट्टा त्यांच्या वडिलांची शिकवण. वडील जुन्या काळचे क्लॅरनेटवाले होते आणि त्यांचं म्हणणं होतं की दम पोटात असतो, तो सांडू द्यायचा नाही. पोट बांध आणि फुंक. शकील तेव्हा उसाच्या कांड्यासारखा किडकिडीत होता. वरातीच्या पुढे उलट्या पावलांनी चालत, नवरदेवाकडे तोंड करून, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो वाजवत जायचा. पट्टा बांधला तरी त्याच्या आत एक हात सहज जाईल इतकी जागा असायची. पुढे वडील गेले, बँड वाढला, आणि एके वर्षी मास्तरांनी भोंगे, दिवे आणि बेंजो बसवलेली गाडी करून घेतली. तेव्हापासून ते वर उभे राहू लागले. पायांचं चालणं संपलं, तोंडाचं तेवढं राहिलं. लग्नसराईत दोन वेळा लग्नाचं जेवण, पावसाळ्यात दुकानाच्या ओट्यावर बसून चहा आणि भजी. हातपाय होते तसेच सडसडीत राहिले. पोट तेवढं पुढे आलं, घट्ट, गोल, पखवाजासारखं. लोक म्हणायचे, मास्तर आता खरे मास्तर दिसतात. त्यांनाही ते बरंच वाटायचं.

कळसाडीला जे झालं ते पहिल्यांदा झालं नव्हतं. सहा-आठ महिने आत काहीतरी चाललं होतं. सकाळी उठलं की आवाज घोगरा आणि तोंड आंबट. दुपारी जेवून आडवं झालं की छातीच्या मधोमध कुणीतरी विस्तव ठेवल्यासारखं वाटायचं. उठून बसलं की जरा उतरायचं, पुन्हा पडलं की पुन्हा पेटायचं. वाकून बुटाचे बंद बांधले तरी घशाशी यायचं. मास्तर कोटाच्या खिशात पाचक गोळ्यांची पट्टी ठेवू लागले. थंड दूध झालं, ओवा झाला, खायचा सोडा झाला. मग त्यांच्या मनाने घेतलं की हे सगळं मिरचीमुळे. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेल्या माणसाने घरात तिखट बंद करायला सांगितलं, तेव्हा त्यांची बायको अख्तरबानो कालवण ढवळता ढवळता थांबली.

"मेरे हाथ का खाना अब लगता नहीं क्या?" तिने विचारलं. नवरा-बायकोची आपसातली बोली हीच, हिंदी, तीही खानदेशी वळणाची.

"वैसा नहीं. गर्मी है बदन में."

तिखट गेलं, तळलेलं मात्र राहिलं. जळजळही राहिली.

खरी भीती ते कुणाला सांगत नव्हते. त्यांचा थोरला भाऊ शाहबाज, जुबेरचा बाप, याच वयाच्या आसपास वरातीत ढोल वाजवता वाजवता कोसळला होता आणि तिथेच गेला होता. छातीत जळजळतंय, एवढंच तो त्या सकाळी म्हणाला होता. तेव्हापासून 'जळजळ' हा शब्द त्या घरात कुणी सहज उच्चारत नसे. म्हणून मास्तर 'गर्मी' म्हणायचे. पण छातीत विस्तव पेटला की त्यांचा हात आपोआप डाव्या बाजूला जायचा आणि जीव थाऱ्यावर राहत नसे. एका जागी बसवेना. ओट्यावरून उठून बँडच्या खोलीत जायचे, तिथून हमरस्त्यावर, गुजरातकडे जाणाऱ्या ट्रका बघत उभे राहायचे, पुन्हा घरी. पाणी प्यायचं, ढेकर येईपर्यंत येरझाऱ्या घालायच्या, ढेकर आला की थोडा धीर यायचा, नाही आला की घाम.

"बैठो तो सही एक जगह," अख्तरबानो म्हणायची. "देख देख के मेरे पाँव दुखने लगे."

दवाखान्यात जायचं नाव ते काढत नव्हते. गेलं आणि डॉक्टरने तेच सांगितलं तर? न गेलं तर निदान ऊन आहे, मिरची आहे, सोडा आहे.

धानोऱ्याच्या लग्नात मात्र पर्याय उरला नाही. वरात गावाच्या वेशीवर आली होती. सकाळपासून मास्तरांनी तीन ठिकाणचा चहा घेतला होता, निघताना यजमानांनी आग्रहाने जिलेबी आणि शेव खाऊ घातली होती, आणि पट्टा नेहमीपेक्षाही घट्ट होता, कारण काही दिवसांपासून त्यांना दम कमी पडतोय असं वाटत होतं आणि दम कमी पडला की पट्टा आवळायचा एवढंच त्यांना ठाऊक होतं. दुसरं गाणं संपता संपता छातीत अशी कळ उठली की ट्रंपेट हातातून सुटून गाडीच्या पत्र्यावर आदळला. ते खाली बसले. मिरवणुकीचा गोंगाट दूर गेल्यासारखा झाला. जुबेर गर्दीतून वाट काढत कधी वर चढला, कुणाची जीप मिळाली, त्यांना काही उमजलं नाही. जीपमध्ये जुबेरने त्यांचा पट्टा काढला, कोटाची बटणं सोडली. पट्टा सुटल्यावर कळ जराशी ओसरली, हे मास्तरांच्या लक्षात आलं होतं. पण त्या वेळी शेवटची घडी समजून ते कलमा म्हणत होते.

नंदुरबारच्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, काही तासांनी पुन्हा आलेख, पुन्हा रक्त. जुबेर भिंतीला पाठ लावून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही. संध्याकाळकडे डॉक्टर आल्या. डॉक्टर शीला पाडवी, चाळिशीच्या, आवाजात घाई नसलेल्या. त्यांनी कागद पाहिले आणि खुर्ची ओढून खाटेजवळ बसल्या.

"शकीलभाई, हृदयाचं काही नाही. दोन्ही वेळचं सगळं नीट आहे."

जुबेर मटकन खाली बसला, तिथेच, फरशीवर.

मास्तर मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. "मग कळ कसली?"

"छातीत कळ आली की आधी हृदयच तपासायचं, ते तुम्ही आलात म्हणून झालं. पुढच्या वेळी सोडा खात बसू नका, सरळ या. आता ही दुसरी गोष्ट." त्यांनी परिचारिकेकडून टेप मागितली. "उभे राहता का जरा?"

त्यांनी बेंबीच्या रेषेत टेप फिरवली. आयुष्यात शिंप्याशिवाय कुणी त्यांच्या पोटाला टेप लावली नव्हती, आणि शिंपी काही बोलत नसे.

"पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. तुमची एकशे दहाच्या पुढे आहे. हातपाय बारीक, सगळं पोटावर."

"बाजेवाल्याला पोट लागतं मॅडम. दम तिथे असतो."

"दम फुप्फुसात असतो," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "पोटावर चरबी साठते ती नुसती कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवतीही असते. ती जठराला सगळीकडून दाबते. जठराच्या तोंडाशी एक झडप असते, खाल्लेलं वर येऊ नये म्हणून. रोज दाब पडत राहिला की ती ढिली पडते आणि जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं. अन्ननलिकेचं अस्तर त्यासाठी नसतं, ते भाजून निघतं. घशापर्यंत गेलं की आवाज बसतो, खोकला येतो. तुमचा घोगरा आवाज त्यातलाच असणार." मग त्यांनी खाटेच्या कठड्यावर टांगलेल्या पट्ट्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही भरल्या पोटावर हे आवळून बांधता, वर जोर लावून फुंकता."

हृदय शाबूत आहे, या गोष्टीचा मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल कुठेतरी आत. पण आधी राग आला, कुणाचा ते कळेना. भाऊ ज्याने मेला त्या दुखण्याची आठ महिने धास्ती घेतली, आणि निघालं काय, तर ढेरी. हे गावात कुणाला सांगायचं तरी कसं?

दोन दिवसांनी दुर्बिणीने तपासणी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि दोन-तीन ठिकाणी चट्टे, जठराचा वरचा भाग छाती-पोटाच्या मधल्या पडद्यातून किंचित वर सरकलेला. वाईट काही नाही, डॉक्टर म्हणाल्या, पण वर्षानुवर्षं असंच चालू ठेवलं तर वाईट होऊ शकतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली, ती मध्येच सोडायची नाही असं बजावलं. वाजवायच्या आधी जेवायचं नाही. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवायचे. पट्टा ढिला. आणि पोट कमी करायचं.

"गोळी आग विझवते," निरोप देताना त्या म्हणाल्या. "पण दाब आहे तोवर ती पुन्हा लागणार. पोट उतरलं तर बऱ्याच जणांना आराम पडतो. एकदम नाही, हळूहळू. जितकं जमेल तितकं."

पहिल्या आठवड्यात गोळीने जादू केली. विटांवर टेकलेल्या खाटेवर मास्तर रात्रभर झोपले, सकाळी तोंड आंबट नव्हतं. अख्तरबानोने त्यांना विचारून विचारून डॉक्टरांचं सगळं सांगणं पाठ करून घेतलं होतं. ती ताटात भाकरी एक वाढायची, भाजी जास्त, आणि दुसरी भाकरी मागितली की ऐकू न आल्यासारखं करायची. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मास्तरांच्या मनाने घेतलं की आता आपण बरे झालो. गोळ्या संपल्या, नव्या आणल्या नाहीत. पट्टा ढिला ठेवून एक वरात वाजवली होती, तेव्हा त्यांना वाटलं की सगळा वारा कमरेतून निसटतोय, उभं राहायलाच आधार नाही. पुढच्या लग्नाला त्यांनी पट्टा पूर्वीसारखा आवळला. वडिलांनी शिकवलेलं एका टेपने खोटं कसं ठरेल, असा विचार होता तो, पण तो त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही.

जूनच्या तोंडावर तळोद्याला एका नातलगाच्या घरची दावत होती आणि त्यानंतर दोन तासांनी तिथल्याच एका वरातीची सुपारी. मास्तर दावतीत जेवले, जसे पूर्वी जेवायचे तसे. बिर्याणी, वर गोड, वर चहा. आणि वरातीत, गाडीवर, पहिल्याच गाण्याला आग वर चढली. ते खोकत सुटले. ठसका थांबेना, डोळ्यांतून, नाकातून पाणी. बेंजोवाल्याने गाणं कसंबसं ओढलं. नवरदेवाकडचा एक माणूस गाडीजवळ येऊन म्हणाला, "मास्तरनी पी राखी का काय?" ज्या माणसाने उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. जुबेरने त्यांच्या कोपराला धरून खाली उतरवलं आणि वरात स्वतः पूर्ण केली. चांगली केली. नाचणारे थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बँडच्या खोलीत, ढोल आणि झाकून ठेवलेल्या दिव्यांच्या मध्ये, दोघांचं वाजलं.

"तुला गाडीवर चढायची घाई झालीय," मास्तर म्हणाले. ते उभेच होते, खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होते. "सांग तसं. मी बाजूला होतो."

जुबेर ट्रंपेटचा पिस्टन पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं.

"चाचा, मला गाडी नको."

"मग काल सगळ्यांदेखत मला खाली ओढलंस ते?"

जुबेर मान खाली घालून बोलला. "अब्बा पडले तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. साइड ड्रम होता गळ्यात. वरात थांबली नाही चाचा. अर्ध्या लोकांना कळलंच नाही. मीही वाजवत राहिलो, मला वाटलं ते वाकलेत, ढोलाची दोरी नीट करायला." त्याने फडकं पुन्हा उचललं. "धानोऱ्याला तुम्ही खाली बसलात तेव्हा मला तेच दिसलं. डॉक्टर म्हणतात हृदय नाही. पण मला दर वरातीत तुमच्याकडे बघत वाजवावं लागतं. माझं गाण्यात लक्ष नसतं. तुम्हाला सूर फाटलेला कळतो, माझे किती फाटतात ते तुम्ही ऐकता का?"

मास्तरांच्या येरझाऱ्या थांबल्या. शाहबाज गेला त्या दिवसाबद्दल हा मुलगा कधी कुणाशी बोलला नव्हता. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. ते एका उपड्या ढोलाच्या कडेवर टेकले, आणि टेकल्यावर पट्टा पोटात रुतला तसा त्यांनी तो सोडला. मग म्हणाले, "उद्या नंदुरबारला जायचंय गोळ्या आणायला. येतोस?"

पावसाळा बँडवाल्यांचा मोकळा काळ. एरवी मास्तर तो ओट्यावर घालवायचे. या वर्षी ते चालायला लागले. पहाटेची नमाज झाली की हमरस्त्याच्या कडेने खापरच्या दिशेने. पहिल्या काही दिवसांत ओळखीचा प्रत्येक मोटारसायकलवाला थांबून विचारायचा, मास्तर, गाडी बिघडली का? सोडू का कुठे? त्यांना लाजल्यासारखं व्हायचं. मग त्यांनी हमरस्ता सोडून शेतांमधली वाट धरली, तर तिथे चिखल. पुन्हा हमरस्ता. लोकांना सवय झाली, विचारणं बंद झालं. बसून राहिलं की जी तगमग व्हायची ती चालताना कमी व्हायची, एवढं त्यांच्या लक्षात आलं. संपायची नाही. पाय थांबले की पुन्हा मन कुठेतरी धावायचं, हात छातीकडे जायचा, ढेकराची वाट बघितली जायची.

भूक हा मोठा छळ होता. खरी भूक नव्हे, संध्याकाळची, भज्यांच्या वासाची. चौकातल्या कढईसमोरून जाताना ते पावलं इतकी जोरात टाकायचे की अख्तरबानोची चौकात राहणारी बहीण म्हणाली, जीजा रागावलेत का माझ्यावर? दोनदा त्यांनी चोरून भजी खाल्ली. एकदा पचली. एकदा त्याच संध्याकाळी घशाशी आली, आणि अख्तरबानोने काही न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला. न विचारणं हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

दुपारी बँडच्या खोलीत काका-पुतण्या सराव करायचे. पट्ट्याशिवाय. मास्तरांना नव्याने श्वास घ्यायला शिकावं लागलं. पोट दगडासारखं आवळून वर ढकलायची सवय चाळीस वर्षांची. आता बरगड्या बाजूंना फुलवायच्या, खांदे सोडून द्यायचे, वारा ढकलायचा नाही, जाऊ द्यायचा. सुरुवातीला आवाज इतका पातळ यायचा की ते ट्रंपेट ठेवून बाहेर निघून जायचे, रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि पुन्हा उचलायचे. जुबेर तोवर आपला सूर घोटत बसायचा. हळूहळू खालचे सूर भरले, मधले भरले. तो वरचा, धरून ठेवायचा सूर मात्र पूर्वीसारखा आला नाही. आला तर थोडा वेळ टिकायचा. एके दिवशी मास्तर स्वतःच म्हणाले, "तो तू घे." जुबेरने मान डोलावली.

दिवाळीनंतर ते डॉक्टर पाडवींकडे गेले तेव्हा टेप शंभराच्या थोडी वर थांबली. गोळी कमी झाली, बंद नाही. "लोकांना वाटतं एकदा बरं झालं की संपलं," डॉक्टर म्हणाल्या. "हे सांभाळत राहायचं दुखणं आहे." मास्तरांनी मान हलवली. बाहेर आल्यावर त्यांनी अख्तरबानोला विचारलं की सांभाळत राहायचं म्हणजे किती वर्षं? ती म्हणाली, "जितने साल मुझे सँभाला, उतने."

तुळशीची लग्नं झाली आणि सराई सुरू झाली. लाल कोट शिंप्याकडून आत घेऊन आणला. गाडीवर आता बेंजोवाला आणि भोंगे. मास्तर खाली, वरातीबरोबर चालत. त्यांची पद्धत ठरली. पहिली दोन गाणी त्यांची, मग जुबेर, मग शेवटचं गाणं पुन्हा त्यांचं. यजमानांना ते आधीच सांगायचे की जेवण वाजवून झाल्यावर, आणि थोडंच. काही यजमान दुखावायचे. एकाने तर भरलेलं ताट हातात दिलं आणि समोर उभा राहिला. मास्तरांनी ते ताट हातात धरून त्याच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या आणि मग ढोलवाल्याकडे दिलं.

सगळ्यात अवघड होतं मधलं मोकळं राहणं. जुबेर वाजवत असताना त्यांना काय करायचं ते कळायचं नाही. ते वरातीच्या कडेने पुढे जायचे, मागे यायचे, दिव्याची वायर सरळ करायचे, ढोलवाल्याला उगाच दटावायचे, ट्रंपेट या हातातून त्या हातात घ्यायचे. छातीत काही नसतानाही छाती चाचपून बघायचे.

शहाद्याजवळच्या एका लग्नात नवरदेवाची आजी, कौसाबाई, वरातीच्या मधोमध नाचत होती. सत्तरीची बाई, नऊवारीचा कासोटा मारलेला, एका हातात रुमाल. कडेने येरझाऱ्या घालणारे मास्तर तिला दिसले.

"ओ मास्तर, काय गस्त घाली ऱ्हायनात? ये आठे. नाच."

"मी बाजेवाला शे आजी. मी नचाडस, नाचत नई."

"तुन्हा हातमा बाजा वाजी नई ऱ्हायना आते. मंग?"

पोरं हसली. कुणीतरी मास्तरांना पाठीमागून पुढे लोटलं. त्यांनी ट्रंपेट काखेत धरला आणि दोन पावलं टाकली, मग आणखी दोन. आयुष्यभर त्यांनी गावंच्या गावं नाचवली होती आणि आपण कसं नाचतो ते त्यांना माहीत नव्हतं. पाय ठेक्याच्या जरा मागे पडत होते. कोटाच्या आत पोट हलत होतं, अजून बरंच होतं ते. समोरून जुबेरने हे पाहिलं आणि वरच्या सुरावर असताना त्याला हसू फुटलं; सूर फाटला, सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

मास्तरांनी नाचता नाचताच त्याच्याकडे बोट दाखवून दम दिला. मग त्यांनाच धाप लागली. ते कडेला येऊन गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले, वाकले तरी घशाशी काही आलं नाही, आणि शेवटचं गाणं अजून दोन गाण्यांनंतर होतं म्हणून पुन्हा चालायला लागले.